मनीषा वहिनीचं खुराडं

भर दुपारी परसातल्या मातीत मनीषा वहिनी पालथी पडली होती. हनुवटी जमिनीला टेकलेली, पदर कमरेला खोचलेला, एक डोळा मिटलेला. शेजारी माझी आई उकिडवी बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. वहिनी काय करते आहे ते मला कळलं नव्हतं, पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. आईला इतकं हसताना मी याआधी कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न करत होते, आणि आठवत नव्हतं.

"आता मी मुंगूस हाय," वहिनी जमिनीवरूनच म्हणाली. "बोला आत्याबाई, मी कुठून शिरंन?"

"शीर कुठूनबी, पर उठ आधी. कोनी पाहिलं तं म्हनंल, सासूनं सुनंला लोळवलं."

"मुंगूस सासूला भेत न्हाई."

आई पुन्हा हसली. मी खिडकीतून मागे झाले आणि गॅसवरचं दूध उतू जाताना पाहत उभी राहिले.

त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सगळ्या कोंबड्या एका फटक्यात गेल्या होत्या. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्याच्या जवळचं. घराच्या मागे मोकळी जागा, तिच्या पलीकडे लगेच हळदीचं रान. आईच्या कोंबड्या दिवसभर त्या रानाच्या कडेनं फिरायच्या आणि संध्याकाळी तुराट्यांच्या कुडात झाकल्या जायच्या. त्या कुडाला मुंगसानं खालून वाट पाडली. सकाळी आई दार उघडायला गेली तेव्हा आत फक्त पिसं आणि मोडक्या माना होत्या. मुंगसानं खाल्ल्या थोड्या, मारल्या सगळ्या. आईनं सगळं पाटीत भरलं, लांब नेऊन पुरलं, हात धुतले आणि जाहीर केलं, "बस्स. आता या घरात कोंबडी न्हाई."

आई एकदा बोलली की बाबासुद्धा पुढे बोलत नाहीत. दादाचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम एक उन्हाळा सरला होता, आणि नवी सून भाकरी थापता थापता म्हणाली, "एक डाव माझ्या हातानं बांधू द्या, आत्याबाई. त्याच्यातूनबी एक जरी कोंबडी गेली, तं पुन्हा नाव काढनार न्हाई."

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "बांध" म्हणाली.

मला हे सगळं नीट आठवतं, कारण तो 'बांध' मला हवा होता. मला खुराडं बांधायचं होतं असं नाही. पण आईनं माझ्याकडे असं बघून काहीतरी कर म्हणावं, हे मला फार दिवसांपासून हवं होतं. मला लहानपणीच इंग्रजी शाळेसाठी हिंगोलीला काकांकडे ठेवलं होतं. पुढे कॉलेजही बाहेरच. पदवी घेऊन परत आले तेव्हा आई माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलू लागली होती. मला ताट द्यायच्या आधी ती हात धुऊन पुसायची. मी शेणाच्या पाटीला हात लावला की "राहू दे, तुझे हात कशाला भरवतीस" म्हणायची. माझं शिक्षण तिनं लग्नातल्या पितळी भांड्यासारखं वरच्या फळीवर ठेवलं होतं. अधूनमधून बघायचं, वापरायचं नाही. आणि वहिनीला मात्र तिनं आल्या दिवसापासून वापरायला काढलं.

वहिनी ठेंगणी, गव्हाळ, पुढच्या दोन दातांत फट असलेली. कामाला लागली की साडीवरून दादाचा जुना शर्ट चढवायची आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडायची. तोंड अखंड चालू. पाण्याची गुळणी तोंडात असतानाही ती हुंकारानं बोलायची. दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याला पुरं करू द्यायची नाही, आणि स्वतःचं वाक्य "बराबर?" असं विचारून संपवायची, उत्तराची वाट मात्र बघायची नाही. चूक झाली तर "मेले मी" म्हणून कपाळाला हात लावायची आणि पुढच्या क्षणी तीच चूक वेगळ्या रीतीनं करायची. मला वाटायचं, आई हिला कंटाळेल. आईला बडबड सहन होत नाही. आमच्या लहानपणी घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी ती बाहेरून डोकावायची.

आई कंटाळली नाही. ती वहिनीच्या मागे मागे फिरू लागली.

वहिनीची आखणी करायची पद्धत एकच होती. ती आधी चोर व्हायची. मुंगूस झाली, मग बोका झाली. "समजा, मी बोका हाय," असं म्हणत ती कडुलिंबावर चढली आणि फांदीवरून खाली डोकावली. खुराडं त्या झाडाच्या सावलीत घ्यायचं ठरलं होतं, कारण आमच्याकडचा चैत्र-वैशाख कोंबडीला उभ्या उभ्या भाजून काढतो. पण फांदीवरून थेट छपरावर उडी पडत होती. सावली हवी तर फांदी राहणार, फांदी राहिली तर बोका येणार. ती दुपार दोघींनी झाडाखाली उभं राहून भांडण्यात घालवली. शेवटी खुराडं थोडं बाजूला सरकलं आणि सावलीसाठी पत्र्यावर पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर द्यायचं ठरलं. मग वहिनी कुत्रा झाली आणि दाराच्या फळीला खांद्यानं धडका देऊन बघितल्या. मग ती पुन्हा बोका झाली, बाहेरून एका हातानं कडी उचलून दाखवली आणि म्हणाली, "एक कडी बोक्याला समजती. दोन लावल्या तं त्याचं डोकं फिरतं. बराबर?"

हे सगळं ती कोळशानं घराच्या मागच्या भिंतीवर काढायची. पुसायची, पुन्हा काढायची. ती भिंत आई दरवर्षी दिवाळीच्या आधी स्वतः चुन्यानं रंगवते. तिच्यावर बोट उमटलं तरी आमची खैर नसायची. आता त्याच भिंतीवर दारं, दांड्या, अंडी घालायचे कप्पे असं सगळं काळंभोर पसरलं होतं, आणि आई त्यावर बोट ठेवून म्हणत होती, "दांडी वर घे जराशी. कोंबडीला उंचावर झोप लागती."

मी वर माझ्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसायचे. त्यांचे आवाज जिन्यातून वर यायचे. मी मोबाईलवर कोंबड्यांच्या घरांबद्दल वाचू लागले. ते आईसाठी होतं हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

वहिनीनं ठरवलं होतं की चारही बाजू वरपर्यंत बंद ठेवायच्या, म्हणजे कुणी शिरणारच नाही. मी वाचलं होतं की हवा खेळली नाही तर कोंबड्या उन्हानं आणि स्वतःच्याच घाणीच्या वासानं मरतात. वरचा अर्धा भाग बारीक भोकांच्या जाड जाळीचा असायला हवा. हे आईला जाऊन सांगायचं मी दोन दिवस मनाशी घोकत होते. शब्द ठरवत होते. घरात सगळे जसं बोलतात तसं माझ्या तोंडात येत नाही आणि मी बोलते ते घरात उपरं वाटतं. शेवटी मोरीपाशी वहिनी एकटी सापडली तेव्हा तिलाच पुटपुटले.

तिनं वाद घातला नाही. तिनं बांधकामासाठी आणलेले पत्रे उभे करून चौकोन केला, वर एक आडवा टाकला आणि आत जाऊन बसली. आई बाहेरून हाका मारत राहिली. काही वेळानं वहिनी घामानं निथळत, लालबुंद होऊन बाहेर आली आणि ओरडली, "मेले मी! आत्याबाई, ताई बराबर बोलल्या. ताईनं कोंबड्या वाचवल्या!"

आई माझ्याकडे वळली. तो क्षण मला हवा होता तसाच आला होता. ती म्हणाली, "तिनं वाचलेलं असतं बाई, तिचं बराबरच असंन." आणि लगेच वहिनीला, "पर तिला उन्हात नको उभी करू, डोकं दुखतं तिचं."

मला आत पाठवण्यात आलं. वहिनीनं श्रेय चोरलं असतं तर बरं झालं असतं. मला तिच्यावर रागावता आलं असतं. तिनं ते सगळ्यांसमोर मला दिलं होतं, आणि तरीही बाहेर त्या दोघी राहिल्या होत्या.

जाळी आली, दगडांचा ओटा झाला, आणि जवळा बाजारहून मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सोयाबीन घालायला वसमतकडे निघाला की तो वाट वाकडी करून आमच्याकडे येतो आणि अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या कोंबड्यांकडे बघतो. आईच्या हातची कोंबडी खाल्ल्याशिवाय तो कधी गेलेला नाही, आणि भावाला नाही म्हणणं आईला कधी जमलेलं नाही. वहिनीनं नव्या कोंबड्या नुकत्याच आणल्या होत्या. खुराडं अजून अर्धं उघडं होतं.

"काय सूनबाई," मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ती तांबडी लई भरली हाय. धरू का?"

"धरा की मामा. पर नाव इचारून धरा."

"कोंबडीला काय नाव?"

"ती तांबडी म्हंजी पार्वती मावशी." पार्वती मावशी ही मामाची थोरली बहीण, नरसीला राहते, आणि सगळं घर तिला टरकून असतं. "चालती का बगा, तशीच न्हाई? मान पुढं काढून. कापता पार्वती मावशीला?"

मामानं हात मागे घेतला. "अन् ती काळी?"

"ती रखमा मामी."

"मंग तिलाच काप!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाला. "लई दिसाची विच्छा हाय माझी."

"कापते. पहिलं मामीला फोन लावून इचारते, काहून का नाव तिचं हाय." वहिनीनं शर्टाच्या खिशातून खरोखरच मोबाईल काढला आणि नंबर शोधू लागली.

त्या दिवशी मामा पिठलं-भाकरी खाऊन गेला. जाताना आईला म्हणाला, "तुही सून वकील व्हायची हुती, बाई." आई दारात उभी राहून अभिमानानं म्हणाली, "व्हय, वकीलच हाय माझी." वहिनी आतून ओरडली, "आत्याबाई, मुंगसापासून वाचवल्या तरी पाव्हण्यापासून कोन वाचवंन? त्याच्यासाठीबी कडी पायजे!" मी मात्र 'माझी' या शब्दापाशीच अडकून राहिले होते.

कोपऱ्यातली लाकडी मेढ पुरायची तेव्हा आईनं खड्ड्यात मूठभर जोंधळे, एक हळकुंड आणि हळद-कुंकू लावलेली सुपारी टाकली. घर बांधताना करतात तसं. वहिनीनं हात जोडले. आई म्हणाली, "घर कोनाचंबी असो, भरल्या पोटी उभं राहावं." ही माझी आई, जिला मी कधी असलं काही बोलताना ऐकलं नव्हतं. मी तेव्हाही खिडकीतच होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि नाही बोलावलं म्हणून मी गेले नव्हते.

खुराडं देखणं झालं. खाली दगड, मध्ये शेणामातीनं लिंपलेला कूड, वर जाळी. आत तिरप्या दांड्या, कोपऱ्यात राखेचं भरलेलं घमेलं, कोंबड्यांना लोळायला. गावातल्या बायका बघायला येऊ लागल्या. वहिनी प्रत्येकीला मुंगूस होऊन दाखवायची आणि आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी हसायची.

मग एका सकाळी पार्वती मावशी मेलेली सापडली.

ती खुडूक होती, अंड्यांवर बसवलेली. तशीच बसल्या जागी कलंडली होती. अंगावर जखम नाही, अंडी गायब. मेढीच्या बुडाशी उंदरानं केलेलं बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी सापाची कात अडकलेली. वहिनी गुडघ्यावर बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. मी या वेळी बाहेर आले होते, तिच्या मागेच उभी होते. मातीतून जोंधळ्याची टरफलं निघाली. मग अर्धवट कुरतडलेली सुपारी निघाली, तिला कुंकवाचा लाल रंग अजून होता. उंदीर आईच्या त्या मुठीसाठी आले होते, आणि उंदरांच्या वाटेनं साप. मुंगूस, बोका, कुत्रा, मामा, सगळ्यांचा विचार वहिनीनं केला होता. देवाच्या नावानं पुरलेल्या दाण्याचा कुणीच केला नव्हता.

मागून आईच्या पायांचा आवाज आला. वहिनीनं सुपारी मुठीत घेतली आणि पायानं माती सारखी केली.

बाबाही आले. "काय झालं?"

"पार्वती मावशी गेली," वहिनी म्हणाली.

"असं नाव घेऊन बोलू नको," आई दचकून म्हणाली, "माझी बहीन अजून जित्ती हाय."

एरवी यावर हसू फुटलं असतं. बाबांनी बीळ पाहिलं. "एवढं बांधून काय फायदा? शिरलंच ना. तुमचं ठरलं होतं काहीतरी."

"व्हय," वहिनी म्हणाली. "माझीच चूक हाय, मामंजी. कोपऱ्यातला दगड म्या ढिला ठुला. बोलले हुते तसं, खुराडं मोडते."

तिच्या मुठीतून कुंकवाचा लाल डाग बोटांच्या फटीत उतरला होता. आईनं तो पाहिला. आईची नजर तिथे किती वेळ थांबली ते मी पाहिलं. मग ती बाबांकडे न बघता म्हणाली, "दगड ढिला ऱ्हायला तं घट्ट करावा. मोडायचं काहून?"

त्या दुपारी वहिनी विहिरीवर गेली तेव्हा आईनं स्वतः खुरपं घेऊन तो कोपरा उकरला. राहिलेले दाणे काढले, खड्ड्यात फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि सिमेंट भरलं. वहिनी परत आली, तिनं ओलं सिमेंट पाहिलं, आईनं पाहिलं की तिनं पाहिलं. रात्री जेवताना आईनं न विचारता वहिनीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

आईची चूक पाठीशी घालायची संधी आयुष्यात एकदा आली होती, मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मलाही सगळं कळलं होतं, आणि ती वहिनीनं घेतली होती. किती सहज, सुपारी मुठीत घ्यावी इतक्या सहज. त्या दोघींमध्ये आता एक गुपित होतं. ते मलाही ठाऊक आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते माझं झालं नसतं.

त्यानंतर त्या खुराड्यातून कोंबडी गेली नाही. पिल्लं निघाली, मोठी झाली, त्यांनाही नावं मिळाली. माझं नाव कुठल्या कोंबडीला आहे का, हे मी एकदा वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "तुमचं कसं ठुवावं ताई? उद्या कापायची येळ आली तं आत्याबाई उपाशी बसतीन." मी बराच वेळ त्या उत्तराकडे संशयानं बघत राहिले. त्यात चेष्टा सापडली नाही.

दादाला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं तिकडे खोली घेतली. वहिनीला जावं लागणार होतं. मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. परस मोकळं होईल, खुराड्याशी आईजवळ एक जागा रिकामी होईल, असा हिशोब माझ्या डोक्यात चालू झाला होता. वहिनीनं शेवटचे दिवस आईला सूचना देण्यात घालवले. पत्र्यावरच्या पऱ्हाट्या कधी बदलायच्या, राख कधी भरायची. आईला हे सगळं वहिनीच्या जन्माच्या आधीपासून येत होतं. आई प्रत्येक सूचनेला "बरं बाई" म्हणत होती.

निघायच्या दिवशी आम्ही फाट्यावर सोडायला गेलो. आईनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात अंडी खुपसून दिली होती, फुटू नयेत म्हणून. एसटी आली. दादानं सामान वर चढवलं. वहिनीनं खिडकीजवळची जागा धरली, डबा मांडीवर घेतला आणि बाहेर तोंड काढून बोलायला लागली. "पोचले की फोन करते. तिथं गच्चीवर जागा हाय म्हने, मालकाला इचारते, दोन तरी पाळीन. अन् आत्याबाई, मामा आला तं..."

खिडकी आणि आमच्यामध्ये नाली होती. आईला तिच्याजवळ जायचं होतं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिनं नाली ओलांडताना आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओलांडून झालं तरी तो तिथेच राहिला. विसरली असेल. तिचं सगळं लक्ष खिडकीकडे होतं. तो हात जड होता, खरखरीत होता, ड्रेसच्या कापडातून मला त्याच्या भेगा जाणवत होत्या. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

वहिनी बोलता बोलता थांबली. तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून खाली, माझ्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली. मामाचं ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. 'बराबर?' असंही विचारलं नाही. पिठाच्या डब्यावरची तिची बोटं घट्ट झाली होती. ही नजर काय असते ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. किती तरी दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तशीच बघत आले होते.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. आई अजून हात हलवत होती, दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. मी हलले नाही.